मल्लाला फेटे पुरे झाले, हक्क कधी?

२५ नोव्हेंबर २०१७ रोजी चीनमधील शांघाय शहरात भरत खंडारे हा महाराष्ट्राचा मल्ल जाळीच्या पिंजऱ्यात उतरला. समोर होता सोंग यादोंग हा अवघ्या एकोणीस वर्षांचा चिनी लढवय्या. पहिल्याच फेरीत सोंगने गळा आवळला आणि खंडारे यांना हार पत्करावी लागली. यूएफसी या अमेरिकन कंपनीशी करार करून तिच्या पिंजऱ्यात उतरलेला भारतातील पहिला लढवय्या म्हणून खंडारे यांचे नाव नोंदले गेले. पण त्या पिंजऱ्यातला त्यांचा तो पहिला सामना शेवटचाही ठरला. वर्तमानपत्रांनी सामन्याआधी रकाने भरले. सामन्यानंतर मात्र ते दुसऱ्या बातमीकडे वळले.

आम्ही येथे खंडारे यांच्या खासगी आयुष्याची चौकशी करणार नाही. तो आमचा अधिकार नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. जो माणूस आपले शरीर पणाला लावून लोकांची करमणूक करतो आणि देशाचे नाव सांगतो, त्याचे लढणे थांबल्यावर त्याचे काय होते? त्याच्या गुडघ्याचा, मेंदूचा आणि म्हातारपणाचा हिशेब कोण देतो?

हा प्रश्न शांघायचा नाही, आमच्या गावकुसातलाच आहे. आम्ही माळशिरस तालुक्यातील वेळापूरचे. आमच्या भागात यात्रा आली की कुस्तीचा फड भरतो. हलगी कडाडते, रेवडीच्या कुस्त्या होतात आणि शेवटी मोठ्या इनामाची कुस्ती लागते. जिंकणाऱ्याला फेटा बांधतात, खांद्यावर घेऊन मिरवतात. पण त्याच मल्लाचा खांदा निखळला तर दवाखान्याचे बिल कोणाच्या नावावर निघते? यात्रा कमिटीच्या? इनाम जाहीर करणाऱ्या पुढाऱ्याच्या? नाही! ते बिल मल्लाच्या बापाच्या नावावर निघते आणि घरची म्हैस विकून भागवले जाते. ज्याचे हातावर पोट आहे त्याच्याकडे विकायला म्हैसही नसते.

एमएमए म्हणजे मिश्र युद्धकला. ठोसा, लाथ, गुडघा, कुस्तीची पकड, जुजुत्सूचा फास हे सगळे या एकाच खेळात चालते. आपल्या कुस्तीत पाठ टेकली की कुस्ती निकाली होते, येथे पाठ टेकल्यावरही ठोसे चालूच राहतात. यूएफसीची पहिली स्पर्धा १९९३ साली अमेरिकेतील डेन्व्हर शहरात झाली. आपल्याकडे २०१२ साली मुंबईत सुपर फाइट लीग सुरू झाली. खंडारे याच लीगमधून पुढे आले. त्यांच्यानंतर अंशुल जुबली आणि पूजा तोमर यूएफसीमध्ये पोहोचले. पूजा तोमर यांनी २०२४ साली तेथे सामना जिंकला आणि तेथे जिंकणारी पहिली भारतीय महिला होण्याचा मान मिळवला. २०२६ च्या आयची-नागोया आशियाई खेळांच्या कार्यक्रमातही या खेळाला स्थान मिळाले. म्हणजे हा खेळ आता थांबणारा नाही. मोबाइलवर सामने पाहून तालमीतली पोरे पिंजऱ्याची स्वप्ने पाहू लागली आहेत. म्हणूनच आजच बोलले पाहिजे.

कोणी म्हणेल, मोठा मल्ल झाला की सरकार सांभाळते, समाज सांभाळतो. असे म्हणणाऱ्याने खाशाबा जाधव यांचे आयुष्य एकदा डोळ्यांखालून घालावे.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडीलच पहिले वस्ताद. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिक्षण आणि तालीम. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभारले, कुस्तीला राजाश्रय दिला. त्या कोल्हापूरच्या मातीत हा मल्ल तयार झाला. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले. लाल मातीत वाढलेला हा गडी मॅटवर लढला आणि सहावा आला.

१९५२ साली हेलसिंकीला जायचे होते. पण निवडीतच अन्याय झाला. खाशाबा गप्प बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा लढत मिळवली, जिंकली आणि संघात जागा घेतली. आम्ही वकील म्हणून या गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधतो. हा मल्ल केवळ डावपेचांचा उस्ताद नव्हता, त्याला अपिलाचे महत्त्व कळत होते.

निवड झाली, पण प्रवासाचा पैसा? सरकारी तिजोरीतून तो वेळेवर आला नाही. गोळेश्वर आणि परिसरातील लोकांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका शिक्षकाचे घर गहाण पडले तेव्हा कुठे देशाचा खेळाडू रवाना झाला!

हेलसिंकीत ५७ किलो वजनी गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची दमछाक करणारी लढत झाली. ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या मामेदबेयोवशी लढायला उभे केले, असे सांगितले जाते. दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला त्या वेळी भारताचा एकही अधिकारी जवळ नव्हता. इशीला सुवर्ण, मामेदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. नियम पुस्तकात असून भागत नाही, तो बजावून घेणारा माणूस लागतो. बहुजनांच्या बाबतीत कायद्याचे नेमके हेच होते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडावे लागले, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे. कुस्तीतले दुसरे पदक आले ते थेट २००८ साली. परतल्यावर खाशाबांची १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपली आणि खाशाबा पुन्हा आखाड्यात उतरले. कशासाठी? खर्डेकरांचे गहाण घर सोडवण्यासाठी! कोल्हापुरात कुस्त्यांचे फड लावून त्यांनी ते कर्ज फेडले. ऑलिम्पिकवीराने कुस्त्या लावून कर्ज फेडायचे आणि शासनाने बैलगाड्या मोजायच्या, हा आपल्या देशातला न्याय!

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीने १९५६ चे मेलबर्न ऑलिम्पिक हुकले. सुमारे सत्तावीस वर्षे त्यांनी नोकरी केली आणि साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी मात्र त्यांना झगडावे लागले. क्रीडा संघटनांनी पाठ फिरवली. अखेरचे दिवस हलाखीत गेले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सुमारे सोळा वर्षांनी. दिल्लीच्या कुस्ती संकुलाला नाव दिले गेले २०१० साली. आता १५ जानेवारी हा राज्याचा क्रीडा दिन झाला आहे. दिन झाला, फार चांगले झाले. पण जिवंत माणसाला निवृत्तिवेतनासाठी उंबरे झिजवायला लावायचे आणि मेल्यावर त्याच्या नावाचे फलक लावायचे, याला आम्ही सन्मान म्हणत नाही.

खाशाबा एकटे नव्हते. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे लष्करातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी शरीर निकामी झाले. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. पद्मश्री मिळाली २०१८ साली. म्हणजे शेहेचाळीस वर्षांनी!

ही उदाहरणे शिखरावर पोहोचलेल्यांची आहेत. खाशाबांना निदान सरकारी नोकरी होती. मग जे शिखराच्या वाटेवर गुडघा मोडून परतले, त्यांचे काय? आमच्याकडे पक्षकार म्हणून येणाऱ्यांत असे जुने मल्ल असतात. मोडलेल्या कानांवरून ते लगेच ओळखू येतात. कोणी रखवालदारी करतो, कोणी ऊसतोड मजुरांच्या टोळीचा हिशेब ठेवतो. शाळा अर्धवट सुटलेली, खुराक बंद झालेला, शरीर सुटलेले. कागदपत्रे मागितली तर पिशवीतून निघतात फोटो! पुढाऱ्याच्या हातून फेटा बांधून घेतानाचे फोटो. एकही करारपत्र नाही, विम्याचा कागद नाही, दवाखान्याची नोंद नाही. कोर्टात फोटो दाखवून भरपाई मिळत नसते.

मातीतल्या कुस्तीत कागदच नसतो. पिंजऱ्यातल्या लढतीत कागद असतो, पण तो मल्लाच्या बाजूने नसतो. इंग्रजीतला जाडजूड करार, खाली सही. त्या कराराने मल्ल कंपनीचा नोकर ठरत नाही, ‘स्वतंत्र व्यावसायिक’ ठरतो. शब्द मोठा गोड आहे. स्वतंत्र म्हणजे काय? भविष्यनिर्वाह निधी नाही, निवृत्तिवेतन नाही. पण दुसऱ्या कंपनीकडे लढायचे म्हटले की हाच स्वतंत्र माणूस करारात जखडलेला निघतो. जबाबदारी टाळताना स्वतंत्र आणि कमाई करून घेताना बांधील, इथेच खरी मेख आहे.

अमेरिकेतील लढवय्यांनी ही मेख उखडायचे ठरवले. डिसेंबर २०१४ मध्ये कुंग ली आणि इतर लढवय्यांनी यूएफसीच्या मालक कंपनीविरुद्ध मक्तेदारीचा दावा दाखल केला. एकच कंपनी बाजार ताब्यात घेते, दीर्घ करारांनी आम्हाला बांधते आणि आमच्या कष्टाचे मोल पाडते, हे त्यांचे म्हणणे. कंपनीच्या उत्पन्नातला वीस टक्क्यांच्या आसपासचाच वाटा लढवय्यांच्या हाती पडतो, असे पुराव्यात मांडले गेले. अमेरिकेतील बास्केटबॉल आणि फुटबॉलपटूंना मात्र साधारण निम्मा वाटा मिळतो. का? कारण त्यांच्या संघटना आहेत, लढवय्यांची नाही. मुष्टियोद्ध्यांना संरक्षण देणारा महंमद अली यांच्या नावाचा कायदा अमेरिकेने २००० साली केला, पण तो फक्त मुष्टियुद्धाला लागू झाला. पिंजऱ्यातला लढवय्या त्याच्या बाहेरच राहिला.

दहा वर्षे खटला चालला. ३३ कोटी ५० लाख डॉलरची पहिली तडजोड न्यायाधीशांनी जुलै २०२४ मध्ये नाकारली. अखेर ३७ कोटी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली आणि २०२५ साली तिच्यावर अंतिम शिक्कामोर्तब झाले. डिसेंबर २०१० ते ३० जून २०१७ या काळात लढलेल्यांसाठी हा पैसा होता. त्यात निवृत्त होऊन विपन्नावस्थेत गेलेले कितीतरी होते. खंडारे लढले नोव्हेंबर २०१७ मध्ये, म्हणजे ही मुदत संपल्यावर पाच महिन्यांनी. १ जुलै २०१७ पासून पुढच्या काळासाठी वेगळा दावा २०२१ साली दाखल झाला आहे. सांगायचा मुद्दा हा की, जे मिळाले ते कोणा मालकाच्या दयेने मिळाले नाही. लढवय्ये एकत्र आले, कोर्टात गेले, दहा वर्षे टिकले, तेव्हा मिळाले. एकट्याने पिंजऱ्यात जिंकता येईल, पण मालकाशी लढायचे तर संघटनाच लागते.

आता आपल्या कायद्याकडे वळू. भारतात या खेळासाठी वेगळा कायदा नाही. म्हणून लढवय्या पूर्ण निराधार आहे काय? तसे नाही. करार कायदा १८७२ च्या कलम २७ प्रमाणे, कोणालाही आपला धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान याला एका जाहिरात व्यवस्थापन कंपनीने करार संपल्यावरही बांधून ठेवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली याच कलमाचा आधार घेऊन खेळाडूच्या बाजूने कौल दिला. करार चालू असेपर्यंतची बंधने वेगळी, पण करार संपल्यावर खेळाडू मोकळा आहे, हे प्रत्येक मल्लाने पक्के लक्षात ठेवावे. अठरा वर्षांखालील मुलाची करारावरची सही तर कायद्याने मुळातच निरर्थक आहे. तेव्हा कोवळ्या पोरांच्या सह्या घेणाऱ्यांनी सावध व्हावे आणि पालकांनी त्याहून सावध व्हावे.

पण खरा आधार संविधानाचा आहे. कलम ३९ मध्ये राज्याला सांगितले आहे की, कामगारांच्या आरोग्याचा आणि ताकदीचा गैरवापर होऊ नये आणि आर्थिक गरजेपोटी कोणाला आपल्या वयाला वा ताकदीला न झेपणाऱ्या व्यवसायात शिरावे लागू नये. कलम ४१ मध्ये म्हातारपण, आजार आणि अपंगत्व यांत सार्वजनिक साहाय्याची तरतूद करायला सांगितले आहे. ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत, थेट कोर्टात वसूल करता येत नाहीत, हे आम्ही जाणतो. पण कायदे करताना ती पाळणे हे राज्याचे कर्तव्य आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेबांनी मजूर खाते सांभाळले. कामगाराचा घाम विकत घेता येतो, त्याचे आयुष्य नाही. ज्याचे शरीर हेच अवजार आहे तो मल्ल कामगार नव्हे, असे कोण म्हणू शकेल?

२०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात असंघटित कामगार आहे, मोबाइल ॲपवर काम घेणारा कामगारही आहे. लढवय्याचा नाव घेऊन उल्लेख नाही. २०२५ साली संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला, त्याचा भर क्रीडा संघटनांच्या कारभारावर आहे. खासगी कंपनीने मल्लाशी केलेला करार हा त्याचा मुख्य विषय नाही. महाराष्ट्रात २००५ पासून खेळाडूंना नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण आहे, पण मान्यता असलेल्या खेळांनाच. म्हणजे पिंजऱ्यातला मल्ल कामगार कायद्याला खेळाडू वाटतो आणि क्रीडा खात्याला करमणूक करणारा वाटतो. दोन्ही दारे बंद!

या शरीराचे काय होते तेही पाहा. डोक्यावर वारंवार ठोसे खाणाऱ्या मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूवर कायमचा परिणाम होतो, हे मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरने १९२८ सालीच मांडले होते. स्मरण जाते, बोलणे अडखळते, स्वभाव बदलतो. हे लढणे थांबल्यावर वर्षांनी दिसते, तोवर करार संपलेला असतो. वजन उतरवण्यासाठी अंगातले पाणी काढण्याची प्रथा तर जीवघेणी आहे. डिसेंबर २०१५ मध्ये यांग जियानबिंग हा एकवीस वर्षांचा चिनी लढवय्या मनिलातील सामन्यापूर्वी असेच वजन उतरवताना दगावला. आपल्या तालमीतली पोरेही गट गाठण्यासाठी उपाशी राहतात, घाम गाळतात. त्यांना हे कोण सांगणार?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. यात्रेचा फड असो की पिंजऱ्याचा सामना, आयोजकाने प्रत्येक मल्लाचा विमा उतरवल्याशिवाय परवानगी मिळू नये. करार मल्लाला समजेल अशा भाषेत, मराठीत असावा आणि त्याची प्रत मल्लाच्या हाती असावी. सामन्याआधी आणि नंतर वैद्यकीय तपासणी होऊन तिची नोंद मल्लाजवळ राहावी. तिकीट आणि प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा निवृत्त लढवय्यांच्या निधीत जमा व्हावा आणि त्यातून निवृत्तीनंतरही उपचार मिळावेत. राज्य शासनाने लढवय्यांची असंघटित कामगार म्हणून नोंदणी करावी. हे मानधन नव्हे. मानधन खूश झाले तर देतात, नाराज झाले तर थांबवतात. आम्ही मागतो तो हक्क आहे.

आणि शेवटचे आमच्या माणसांना. पोरगा तालमीत जातो, जाऊ द्या. शरीर कमावणे चांगलेच आहे. पण शाळा सोडून नव्हे! खाशाबा कॉलेजात शिकले होते आणि गुडघा गेला तेव्हा पोलीस खात्याची नोकरी हाताशी होती. मुलाला खुराकासाठी तूप देता, तसे हाती पुस्तकही द्या. सही करण्यापूर्वी कागद गावातल्या शिकलेल्या माणसाला, वकिलाला दाखवा. कोणी आमच्याकडे वेळापूरला घेऊन आला तर आम्ही तो एक रुपया न घेता वाचून देऊ. आणि तालुक्यातील जुन्या-नव्या मल्लांनी आपल्या नावांची एक यादी तरी तयार करावी. कोण कुठे लढला, काय मोडले, आज काय करतो, एवढे लिहून काढावे. संघटनेची सुरुवात अशाच यादीने होते.